कोरडी राखुंडी

माझ्या नवऱ्याचा उजवा हात माझ्या सख्ख्या भावाने मोडला. आमच्याच क्वार्टरच्या फाटकात, भर सकाळी, शेजारीपाजारी डबे घेऊन कामाला निघाले असताना. त्यासाठी त्याने काही खास हत्यार आणलं नव्हतं. टँकरचं चाक काढताना नटाच्या पान्यात घालून फिरवतात ती लोखंडी टॉमी त्याच्या सीटखाली नेहमीच असते.

मी एका पायात सेफ्टी शूज घालून, दुसऱ्याची नाडी सोडवत पायरीवर बसले होते. बाहेर दादाचा आवाज चढला होता, पण दादाचा आवाज जन्मापासून चढलेलाच. मग उन्मेष शांतपणे काहीतरी बोलला. मग आवाज आला. हाड मोडल्याचा आवाज एकदा ऐकला की पुन्हा कशाशी गल्लत होत नाही.

मी धावले तेव्हा उन्मेष मोटरसायकलला टेकून बसला होता आणि त्याचा हात मनगटाच्या वर, जिथे हात वाकत नाही तिथे वाकला होता. दादाने टॉमी दुसऱ्यांदा उगारली होती. मी मध्ये पडले. त्याने कोपराने मला बाजूला ढकललं, ते कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि ओठ फुटला. माझ्या हनुवटीवरचं रक्त पाहून त्याने टॉमी खाली घेतली.

"तू आत जा, अपू," तो म्हणाला. जणू मी आठ वर्षांची होते आणि बाहेर ऊन लागत होतं.

"काय केलंस तू हे? दादा, काय केलंस?"

"त्याला इचार काय बोलला तो मला."

उन्मेष काय बोलला ते मला नंतर, दवाखान्याच्या वाटेवर कळलं. तो म्हणाला होता, "नरेशराव, पाच-सात वर्षांत या खाडीत पुन्हा मासा येईल. टँकर विकून टाका, होडी घ्या. तुमचा मूळचा धंदाच तो." यात आपण काही वावगं बोललो असं उन्मेषला अजूनही वाटत नाही. आकडेवारीने ते खरंच होतं. माझा नवरा आकडेवारीने जे खरं असेल ते कुणाच्याही तोंडावर बोलतो.

पण आमच्या वेळशी गावच्या भोयाला हे असं सांगायचं नसतं. आमचे बाबा याच खाडीत जाळं टाकायचे. कारखान्यांची वसाहत आली, खाडीचं पाणी कधी पिवळं, कधी जांभळं येऊ लागलं आणि एक दिवस जाळ्यातून वर आली ती नुसती पांढऱ्या पोटाची मेलेली बोयटं. बाबांनी जाळं माळ्यावर टाकलं आणि त्याच कंपन्यांच्या गेटवर हमालीला उभे राहिले. नरूदादा तिथेच हायड्रोजनेशनच्या प्लांटवर ऑपरेटर झाला. त्याच्या पगारावर मी केमिकल इंजिनिअर झाले. पुढे त्याने नोकरी सोडली, एक टँकर घेतला, मग दुसरा घेतला. ज्या घाण पाण्याने आमची खाडी मारली तेच पाणी वाहून नेण्याचा धंदा त्याने उभा केला. त्यातलं काही पाणी शुद्धीकरणाला जायचं आणि काही घाटातल्या दऱ्यांत. मला ते ठाऊक होतं. त्या पाण्यावर आमच्या आईचं औषधपाणी होत होतं, हेही ठाऊक होतं.

आणि आता आम्ही दोघा नवरा-बायकोने ते पाणीच बंद केलं होतं.

ते कसं, हे सांगायला हवं. औषधं आणि रंग यांच्या अलीकडच्या पायरीचा जो माल आमच्या वसाहतीत होतो, त्यासाठी रेणूला हायड्रोजन जोडावा लागतो. हायड्रोजन आपणहून जोडला जात नाही. त्याला कॅटलिस्ट लागतो, म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. दोन घरं एकत्र आणतो, जेवतो आणि पुढच्या लग्नाला निघतो. स्वतः संपत नाही. जुना मध्यस्थ म्हणजे निकेलची बारीक काळी पूड. ती महाग, विषारी, शिवाय भयंकर तापट. पाण्याखाली ठेवली तर गप्प, सुकली की हवेतच पेट घेते. ज्यांना निकेल परवडायचं नाही ते लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरायचे, आणि टनभर मालामागे कित्येक टन लालभडक चिखल सोडायचे. तो चिखल आणि ते पाणी दादाच्या टँकरमध्ये जायचं.

उन्मेषने नारळाच्या करवंट्यांचा कोळसा घेतला आणि त्यावर लोखंडाचे अणू बसवले. ढीग करून नाही, एकेक सुटा अणू, कोळशाच्या जाळीत अडकवलेला. असा सुटा अणू महागड्या धातूचं काम करतो. हायड्रोजनच्या सिलिंडरचीही गरज उरली नाही. फॉर्मेट नावाचं एक साधं पांढरं मीठ आहे. त्याच्या पोटात हायड्रोजन दडलेला असतो. मीठ आणि हा कोळसा एकत्र करायचा आणि वर मोजून मापून थेंब थेंब पाणी सोडायचं. जेवढा थेंब तेवढा हायड्रोजन सुटतो, आणि समोर रेणू तयारच असतो, तो त्याला लगेच पदरात घेतो. मागे काय उरतं? खायचा सोडा. तोही पुन्हा मीठ बनवायला परत जातो. सांडपाणी जवळजवळ शून्य.

मिश्रण दिसायला करड्या रंगाचं, बोटाला गुळगुळीत. आमच्या कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव राखुंडी ठेवलं. उन्मेषने पेटंटमध्ये घातलेलं भारदस्त नाव तिथेच मेलं.

दोन वर्षांपूर्वी औषधाच्या प्रत्येक पाकिटावर, ते बनवताना किती घाण पाणी झालं याचा आकडा छापणं सक्तीचं झालं. मग काय, लोक दुकानात आकडा वाचूनच गोळ्या मागू लागले आणि वसाहतीतल्या कंपन्या राखुंडीसाठी आमच्या नीलवर्ण ऑरगॅनिक्सच्या दारात रांग लावून उभ्या राहिल्या. दादाचे टँकर एकेक करून मैदानात उभे राहिले. चाकांतून गवत वर आलं. ज्या दिवशी शेवटच्या दोन कंपन्यांनी आमच्याशी करार केला त्याच्या दुसऱ्या सकाळी तो टॉमी घेऊन आमच्या फाटकात आला.

मी पोलिसांत तक्रार दिली. भावाचं नाव लिहिताना हवालदाराने पेन थांबवलं आणि म्हणाला, "ताई, घरातलं घरात मिटवा ना." मी म्हटलं, "हाड घरातलं होतं, साहेब. ते मिटत नाहीये." दादाला एक रात्र आत ठेवून सोडलं. बाहेर आल्यावर त्याच्या टँकरवरच्या पोरांनी फटाके लावले.

मग सुरूच झालं. आमच्या पहिल्या पाळीच्या बसवर दगड पडले. प्रयोगशाळेतल्या एका मुलीच्या कपाळाला खोक पडली. राखुंडी घेऊन निघालेली गाडी वळणावर अडवून ड्रायव्हरला खाली ओढलं, त्याच्या तोंडात मूठभर राखुंडी कोंबली आणि गाडी पेटवून दिली. मीठ पोटात गेल्याने तो दोन दिवस ओकत होता. प्लांट माझ्याकडे होता. कंपनीचे मालक मुंबईत बसून मला विचारायचे, "मॅडम, तुमचाच भाऊ ना तो? समजवा की."

मी समजावायला गेले नाही. समजूत घालायची माझी इच्छाच मेली होती. घरी उन्मेष डाव्या हाताने भात कालवायचा, शितं सांडायची आणि तो ती एकेक करून उचलायचा. ज्या हाताने तो मिलिग्रॅमची पूड हलत्या पंख्याखाली न सांडता तोलायचा, तो हात पट्ट्यात बांधून मांडीवर पडलेला. मी ते बघायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी बाहेरगावच्या एका एजन्सीचे गार्ड मागवले. धिप्पाड, मराठी न येणारे, कुणाचेच कुणी न लागणारे. त्यांच्या सुपरवायझरला मी गेटवर उभं राहून सांगितलं, "कोणी भिंतीवर हात ठेवला तर हात कुणाचा ते बघत बसू नका."

त्याने माझं ऐकलं. त्याच आठवड्यात दादाचा सर्वांत जुना ड्रायव्हर भिकू चाळके गेटवर घोषणा देत असताना गार्डांनी त्याला ओढून आत घेतलं आणि काठ्यांनी झोडपलं. एक काठी डोळ्यावर बसली. भिकूचा डावा डोळा गेला. भिकू म्हणजे मी शाळेत असताना टँकरच्या केबिनमध्ये बसवून मला परीक्षेला सोडणारा भिकूकाका.

दुपारी दादाचा फोन आला. आवाज पहिल्यांदाच खाली होता.

"अपू, एकच इचारतंय. तू सांगितलंस काय गो त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी स्वतःच्या मनाने केलं."

फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मला कळलं होतं. लहानपणी मी खोटं बोलले की उत्तर फार लवकर द्यायचे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने फोन ठेवला.

आमच्या वसाहतीत मंगळवारी संध्याकाळपर्यंत वीज बंद असते. तरुण पोरं क्रिकेट खेळतात, आम्ही प्लांटवाले यंत्रांची देखभाल उरकून घेतो. त्या मंगळवारी दुपारनंतर वेळशीतल्या टँकरवाल्यांचा मोर्चा आमच्या पुढच्या गेटवर आला. बायका होत्या, थाळ्या वाजत होत्या, भिकूकाका डोळ्याला पट्टी बांधून पुढे बसले होते. सगळे गार्ड तिकडे धावले. मी राखुंडी साठवलेल्या मागच्या कोरड्या गोदामात गेले, कारण वीज नसली की तिथली हवा कोरडी ठेवणारी यंत्रं बंद पडतात आणि खाडीवरून येणाऱ्या दमट हवेत पोत्यांची फटन्‌फट मला डोळ्यांनी तपासावी लागते.

मागच्या बाजूला भिंत नाही. तिथे खाडी आहे आणि चिखल आहे. त्या चिखलातून कोणी येईल असं एजन्सीवाल्यांना कधी वाटलं नाही. ते भोई नव्हते. भरतीचं पाणी कुठल्या खाचेतून आत शिरतं आणि कुठल्या दगडावर पाय टेकतो, हे दादाला डोळे मिटून ठाऊक होतं. तो होडी घेऊन आला.

तिघे होते. दादा, भिकूचा धाकटा भाऊ मंगेश आणि दिलावर नावाचा एक ड्रायव्हर. दिलावर बाहेर हायड्रंटच्या चाकावर राहिला. आग विझवायच्या पाण्याचा पंप डिझेलवर चालतो. तो त्यांनी आधीच सुरू केला होता. दादा नळी खांद्यावर घेऊन आत आला आणि मला बघून थबकला.

"तू हतं काय करतंस?"

"माझा प्लांट आहे. तू काय करतोयस?"

मंगेशने एका पोत्याला लाथ मारली. पोती छतापर्यंत रचलेली होती, प्रत्येकावर लाल अक्षरांत 'कोरडे ठेवा' लिहिलेलं.

"घाबरू नको," दादा म्हणाला. "आग नाय लावत. माणूस मारायला नाय आलो मी. ही तुमची राखुंडी फक्त भिजवतंय. एकदा भिजली की गेली. परत बनवा, परत भिजवीन."

आग नको म्हणून त्याने पाणी आणलं होतं! निकेलच्या प्लांटवर बारा-पंधरा वर्षं घालवलेल्या माणसाच्या हाडात एकच गोष्ट मुरलेली असते. ड्रम उघडायच्या आधी भरलेली बादली शेजारी ठेवायची. पूड सांडली की पाणी. गाळणीवर काळं दिसलं की पाणी. दसऱ्याला भट्टीची पूजा करायची तीसुद्धा पाण्याने भरलेली घागर समोर ठेवून. मला ते दादानेच शिकवलं होतं. मी कॉलेजात असताना सुट्टीत त्याच्याबरोबर प्लांटवर गेले, तेव्हा त्याने माझा हात धरून बादलीत बुडवला होता आणि म्हणाला होता, "हिच्यापासून लांब जायचा नाय." त्याच्यासमोर एक माणूस सुकलेल्या निकेलने पेटून मेला होता. त्याच्या जगात पाणी म्हणजे जीव.

"दादा, पाणी नको," मी म्हटलं. "हे निकेल नाही. ऐक माझं. ह्याच्यात पाणी गेलं की हायड्रोजन सुटतो. सगळाच्या सगळा. खोली बंद आहे, एक ठिणगी पडली तर उडेल सगळं."

"मीठ हाय ते. मी चाखलंय."

"त्या मिठातच हायड्रोजन आहे!"

त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. क्षणभर मला वाटलं, ऐकतोय. मग त्याचा चेहरा बंद झाला.

"मला कॅटलिस्ट शिकवतंस काय गो? तो कधी ओला करायचा, कधी नाय? अपू, भिकूच्या डोळ्याच्या वेळेला पण असाच बोललीस तू. पटकन."

"तेव्हा खोटं बोलले. आत्ता खरं बोलतेय. आईची शपथ."

"आता तुला खरा सुचतंय," तो म्हणाला आणि त्याने बाहेर हाक मारली, "सोड रे दिलावर!"

नळी फुगली. पाणी आलं ते सरळ पहिल्या रांगेवर. पोती कागदाची होती, धारेने फाटली. करडी राखुंडी ओघळली आणि जमिनीवर फसफसू लागली. मंगेश मोठ्याने हसला. "नरूशेठ, ह्यो तर सोडा!"

जमिनीवर हायड्रंटचं झाकण उघडायचा जाड पाना पडलेला होता. मी तो उचलला आणि दादाच्या गुडघ्यावर घातला. पूर्ण ताकदीने, बाजूने. सांधा निसटलेला मला पान्यातून हातात कळला. तो किंचाळून खाली पडला आणि नळी त्याच्या हातातून सुटून सापासारखी वळवळत पोत्यांवर आपटली.

नळी बंद करायला हवी होती. मंगेशला गचांडी धरून बाहेर ढकलायला हवं होतं. तो पाचशे हातांवर नव्हता, दोन पावलांवर उभा होता, तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत. हसणं थांबलं होतं त्याचं. "ताई, काय करतंस?" असं म्हणाला तो, अगदी पोरासारखं.

दादा जमिनीवर उजवा हात टेकून उठायला बघत होता. मी त्या हाताकडे पाहिलं. मग मी पाना वर उचलला आणि त्या हातावर घातला, मनगटाच्या वर. तो ओरडला. मी पुन्हा घातला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. मी काहीतरी ओरडत होते, त्यात शब्द नव्हते.

मग चारी बाजूंनी वायू सुटल्याचा सूंऽऽ आवाज कानावर आला आणि मी भानावर आले. पाना टाकला. दादाला कॉलर आणि पट्टा धरून दाराकडे ओढू लागले.

"मंगेश, बाहेर ये! राहू दे ती नळी, बाहेर!"

पण आता तो का ऐकेल? माझ्या लोकांनी त्याच्या भावाचा डोळा घेतला होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर मी त्याच्या शेठचा हात ठेचला होता. त्याने नळी उचलली, मला एक गलिच्छ शिवी दिली आणि पाण्याची धार माझ्या तोंडावर धरली. मी आंधळ्यासारखी ओढत राहिले. दादा जड होता. उंबरठ्यावर त्याचा मोडका पाय अडकला तेव्हा तो बेशुद्ध झाला, त्यामुळे ओढणं सोपं गेलं. मंगेशने पाठ फिरवली आणि धार वरच्या रांगांवर, आतल्या कोपऱ्यात, जिथपर्यंत पोचेल तिथे सोडली.

आम्ही मोकळ्यावर, बांधकामाच्या विटांच्या ढिगामागे पोचलो आणि संध्याकाळची वीज आली. कोरड्या गोदामात धोका नाही म्हणून हवा वाळवणाऱ्या यंत्रांना साध्या, ठिणगी टाकणाऱ्या मोटरी बसवल्या होत्या. त्या आपोआप सुरू झाल्या.

छप्पर आधी उचललं गेलं, आवाज नंतर आला. पत्रे हवेत गेले आणि खाडीत पडले. भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली. विटांचा ढीग आमच्या अंगावर घसरला. मी डोकं वर केलं तेव्हा दिलावर पळताना दिसला. तो अंगावरचे कपडे ओरबाडत, किंचाळत होता आणि त्याच्या अंगावर काहीच दिसत नव्हतं. हायड्रोजनची ज्वाळा उजेडात डोळ्यांना दिसत नाही. कातडी काळी पडताना दिसते, बस्स. त्याने स्वतःला चिखलात झोकून दिलं म्हणून जगला.

मंगेशला बाहेर काढायला दुसरी सकाळ उजाडावी लागली. भिकूकाकांनी त्याला उरलेल्या एका डोळ्याने ओळखलं, तेही पायातल्या बुटांवरून.

त्यानंतर जे झालं त्याची मला घृणा वाटते. मी हिरॉईन झाले. बातम्यांत आलं की बहिणीने जिवाची पर्वा न करता भावाला स्फोटातून ओढून काढलं. मोर्चातल्याच बायका माझ्या घरी नारळ घेऊन आल्या. निर्मलावहिनी माझ्या पायांवर डोकं टेकायला वाकली, मी तिला वर उचललं तर माझ्या गळ्यात पडून रडली. "तुम्ही त्यांचा पाय मोडलात म्हणून कुंकू ऱ्हायला माझा," म्हणाली. कंपनीने राखुंडीच्या प्रत्येक कणाला मेणाचं पातळ अस्तर द्यायचं ठरवलं, जे पाण्याने नाही, फक्त भट्टीतल्या उष्णतेनेच सुटतं. असं अस्तर आधी का दिलं नाही, हे मला विचारलं गेलं. पाण्याची एवढी धार कोणी आणेल असं आमच्या धोक्यांच्या हिशेबात नव्हतं, असं मी सांगितलं. पंधरवड्यात उत्पादन पुन्हा सुरू झालं.

उन्मेषच्या हाताचं प्लास्टर निघालं. हात थोडा वाकडाच जुळला. तो दादाला बघून आला आणि जेवताना म्हणाला, "गुडघ्याचं ठीक आहे. पण उजवा हातही दोन ठिकाणी मोडलाय म्हणे. पडताना मोडला असेल."

"असेल," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं. माझा नवरा फ्रॅक्चरच्या फोटोकडे बघून ताकद कुठल्या दिशेने लागली ते सांगू शकतो. मला वाटतं, आमच्या लग्नात तो पहिल्यांदाच मला भ्यायला.

दादाने निरोप पाठवला म्हणून मी गेले. दारात पोलीस बसला होता. दादा खिडकीशेजारच्या खाटेवर होता, पाय तारांनी वर टांगलेला, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. वजन उतरलं होतं. वहिनीला त्याने चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं.

"बस," म्हणाला. "पोलिसांचा साहेब उद्या येतोय जबाब घ्यायला. मी सगळा सांगणार हाय. होडी, नळी, पाणी. मंग्याला मी नेला, मी मारला. गाडी पेटवली ती पण माझ्याच सांगण्यावरून. पोरांना निरोप दिलाय, आता कोणी दगड उचलायचा नाय. संपला."

"वकील काय म्हणतोय?"

"वकील खुळा हाय. तो सांगतोय, गप ऱ्हा. कसा गप ऱ्हाऊ? बाहेर माणसं येतात, सांगतात, नरू, तुझ्या बहिणीनं तुला मरणातून काढलान. मी तिच्या नवऱ्याचा हात मोडला आणि तिनं मला काढलान. मग मी खोटा बोलून सुटू?" त्याचे डोळे भरले होते. माझ्या दादाला मी बाबा गेले तेव्हासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. "तू खरा सांगत होतीस आणि मी ऐकला नाय. ता मी सांगणार."

मला काहीच बोलायला नको होतं. उठून, त्याच्या कपाळावर हात ठेवून घरी जायचं होतं. दगड थांबणार होते, काठ्या थांबणार होत्या. सगळं माझ्या गप्प बसण्यावर होतं.

मग तो म्हणाला, "फक्त एक गोष्ट डोक्यात फिरतेय. गुडघा समजला. मला खाली पाडायचा होता, नायतर मी नळी सोडली नसती. पण मी पडल्यावर..." त्याने प्लास्टरमधला हात किंचित उचलला. "ह्यो का गो?"

खिडकीबाहेर एक अँब्युलन्स मागे येत होती, तिचा पीक-पीक आवाज येत होता. मी तो थांबायची वाट पाहिली. लवकर उत्तर द्यायचं नव्हतं मला.

"तो उन्मेषचा," मी म्हटलं.

त्याचा हात पुन्हा खाटेवर आला. तो छताकडे बघत राहिला. मी ओळखत होते तो चेहरा. प्लांटवर असताना, काही बिघडलं की तो असाच एकेक पायरी मागे जाऊन बघायचा, काय आधी झालं, काय नंतर.

"दोनदा मारलंस," तो म्हणाला.

"दोनदा. तिसऱ्यांदा उचलला होता."

"मंग्या तवा तिथंच उभा होता. तुझ्याकडे बघत."

"हो."

"नळीला हात पण लावला नव्हता त्यानं तवा."

"हो."

त्याने माझ्याकडे मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

"तेवढ्यात तो भायेर आला असता, अपू."